कंपाउंडरच्या बायकोचं कार्ड

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चिंच फोडणं. होळी झाली की आमच्या घरी वर्षाची चिंच येते. विद्यानगरच्या आमच्या गॅलरीत तिनं जुनी साडी अंथरली, विळी घेऊन ती बसली, समोर पाट घेऊन मी. तिनं चिरायची, मी चिंचोके काढायचे. लग्न झाल्यापासून हेच. माझ्या हातचे अर्धे चिंचोके आतच राहतात. म्हणून ती माझा ढीग परत चाळायची आणि सापडलेले चिंचोके न बोलता माझ्यापुढं टाकायची. त्या दिवशी टाकले तेव्हा मी म्हटलं, "डोळे गेले आता माझे."

"होते कधी?" ती म्हणाली.

बोलता बोलता विळी अंगठ्याच्या बुडाला लागली. नळाखाली हात धरला, हळद दाबली, चिंधी बांधली आणि उरलेली चिंच संपवूनच उठली.

पाचव्या दिवशी ती गेली. विळीनं नाही गेली. कशानं गेली ते सांगायला बसलोय.

इथल्या तेलुगू मुलखातल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम बघणाऱ्या बाई घरी आल्या होत्या. म्हणाल्या, "काका, एवढी वर्षं दवाखान्यात काढलीत, पेशंटच्या गमतीजमती लिहून द्या. लोकांना हलकंफुलकं वाचायला आवडतं." मी म्हटलं, बाई, मी सातवी नापास माणूस. मला हलकंफुलकं येत नाही. गमती पाहिजेत तर देतो, पण पुढचंही छापावं लागेल. बाई हो म्हणाल्या. काय छापायचंय हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं.

मी कंपाउंडर होतो. हिमायतनगरच्या एका गल्लीत एका मराठी डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्यात अडतीस वर्षं. आताच्या पोरांना कंपाउंडर म्हणजे काय हे सांगावं लागतं, कारण ती जातच संपली. औषध घोटायचं, बाटलीला कागदाची पट्टी कापून डोस चिकटवायचे, सुया उकळायच्या, पट्ट्या बांधायच्या, आणि लोक डॉक्टरला जे सांगत नाहीत ते बाहेरच्या बाकावर ऐकून घ्यायचं. ते शेवटचं काम सगळ्यात मोठं. डॉक्टरसाहेबांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "सुई टोचायला कुणीही शिकेल. टोचायच्या आधी विचारायला शीक."

माणसाला विचारणं सोपं वाटतं ना? करून बघा. माणूस आपल्या शरीराबद्दल जितकं खोटं बोलतो तितकं कोर्टातही बोलत नसेल. वाईट हेतूनं नाही. आळसानं, लाजेनं, आणि "त्यात काय सांगायचं" म्हणून.

एक खानसाहेब यायचे. उंच, अत्तर लावलेले, टोपी कडक. पायाला जखम, इंजेक्शन द्यायचं होतं. मी विचारलं, "खानसाब, आपकू कोई चीज की एलर्जी?"

"है ना मियाँ. साले की."

"दवा की पूछ रहा."

"दवा से क्या होता जी? लगाओ सुई, नमाज का वक्त हो रा."

मी सुई भरली. तेवढ्यात पडद्यामागून त्यांच्या बेगम बोलल्या, "पिछली बार यइच सुई से इनो पूरे लाल हो गए थे. आँखां सूज गए थे."

"चुप बैठो. वो धूप थी."

"रात कू कायकी धूप?"

मी सुई ट्रेमध्ये ठेवली आणि आत जाऊन डॉक्टरसाहेबांना सांगितलं. खानसाहेब माझ्यावर महिनाभर रागावले होते. बायकोचं ऐकलं म्हणून. जगले मात्र पुढं वीस वर्षं.

दुसरी एक भाजीवाली होती, एल्लम्मा. अंगठा लावणारी. ती स्टीलचा डबा घेऊन यायची, त्यात तिनं आयुष्यात खाल्लेल्या सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं. एक पाकीट लाल चिंधीत वेगळं बांधलेलं. ते माझ्यापुढं धरायची आणि सांगायची, "इदि वद्दु." हे नको. त्या गोळीनं तिचं तोंड सुजलं होतं. किती वेळानं सुजलं, किती दिवसांनी उतरलं, काय दिल्यावर उतरलं, सगळं तोंडपाठ. चार-चार डिग्र्यांची माणसं माझ्यापुढं बसून गेली, पण असं सांगणारं एकही भेटलं नाही. डिग्रीवाल्यांना गोळीचा रंग आठवतो. "ती पांढरी हो, गोल." अरे बाबा, गोळ्या पांढऱ्या आणि गोलच असतात!

आणि तो पुण्याहून आलेला कॉम्प्युटरवाला. फोनमध्ये सगळं लिहून आणलेलं. म्हणाला, मला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे. काय होतं? तर लहानपणी घेतलं तेव्हा पोट बिघडलं होतं. अंगावर उठलं? नाही. ओठ, डोळे सुजले? नाही. धाप? नाही. नुसते जुलाब. एवढ्यावर पंचवीस वर्षं हा माणूस साधं औषध टाळून भारी भारी औषधं खात आला होता, कारण त्याच्या आईनं तसं एका शाळेच्या फॉर्मवर लिहिलं होतं आणि नंतर कुणी विचारलंच नाही. डॉक्टरसाहेबांनी त्याच्या आईशी फोनवर बोलून, नीट खात्री करून ते खोडलं. तो म्हणाला, "पण माझ्या सिस्टीममध्ये आहे." डॉक्टरसाहेब म्हणाले, "तुझ्या सिस्टीममध्ये जुलाब होते."

म्हणजे दोन्हीकडून घोळ. ज्याला आहे तो सांगत नाही, ज्याला नाही तो मिरवतो.

म्हणून मी 'अ‍ॅलर्जी आहे का' हा प्रश्नच सोडून दिला. त्याचं उत्तर 'नाही' असंच येतं. मी विचारायचो, औषध खाल्ल्यावर कधी अंगावर पित्त उठलं होतं? मुसलमान बाईला 'पित्ती', तेलुगू माणसाला 'दद्दुर्लु'. मग, कोणत्या दुखण्यासाठी घेतलं होतं? पहिल्या गोळीला उठलं की तिसऱ्या दिवशी? ओठ, जीभ, डोळे? धाप लागली, चक्कर आली? काय करून उतरलं? तेच औषध नंतर पुन्हा घेतलं का, तेव्हा काय झालं? आणखी काय घेता, वैद्याचं, गावठी, शेजारणीनं दिलेलं? कारण औषधांचीही भाऊबंदकी असते. एकाशी वाकडं असलं की त्याच्या चुलतभावाशीही जपून राहावं लागतं. आणि शेवटचा प्रश्न पेशंटला नाही, त्याच्याबरोबर आलेल्या माणसाला: यांनी काही सांगायचं राहिलं का?

ज्याला काही निघालं त्याच्या कार्डाच्या कोपऱ्यावर मी लाल पेन्सिलीनं जाड फुली मारायचो. कार्डांची लोखंडी कपाटं होती आमच्याकडं. अडतीस वर्षांत लाल फुलीवाल्याला चुकीचं औषध माझ्या हातून गेलं नाही. ह्याची मला घमेंड होती. अजून आहे. कशाला खोटं बोलू?

पण त्या कपाटांत माझ्या बायकोचं कार्ड नव्हतं.

दवाखान्यातल्या माणसाच्या घरच्यांचं कार्ड निघत नाही. हे बाहेरच्यांना माहीत नसेल. कंपाउंडर असो, नर्स असो, खुद्द डॉक्टर असो, घरी औषध जातं ते खिशातून. कंपनीवाले नमुन्याची पाकिटं देऊन जायचे, त्यातली आम्ही घरी न्यायचो. पोराला ताप, टाक गोळी. बायकोचा घसा दुखतोय, घे ही लाल-पिवळी कॅप्सूल, तीन वेळा, पाच दिवस. विचारायचं काय? घरचंच माणूस. दिवसभर परक्यांना शंभर प्रश्न विचारून आलेला माणूस घरी आल्यावर एक विचारत नाही. चपला काढतो आणि हुकूम देतो.

एकदा असंच घसा दुखतोय म्हणून मी तिला त्या कॅप्सूल दिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ती पाठ खाजवत आली. पाठभर गांधी. मी दवाखान्यात जायच्या घाईत. विचारलं, "काल काय खाल्लंस?" म्हणाली, वांग्याचं भरीत. मी म्हटलं, "मग झालं तर. वांगं सोड. गेरू लाव." आणि निघालो. तिनं गेरू लावला आणि वांगं सोडलं. आमच्या घरात त्यानंतर वांगं शिजलं नाही.

हेच बाकावरच्या बाईनं सांगितलं असतं तर मी तिला दहा प्रश्न विचारले असते.

आता ते चिंचेनंतरचं. अंगठा तिसऱ्या दिवशी सुजला, पाचव्या दिवशी सूज कोपरापर्यंत चढली. तिला साखरेचा आजार, म्हणून मी घरी काही दिलं नाही, सकाळीच दवाखान्यात नेलं. दवाखाना मोठा, नाव सांगत नाही, त्यांचा दोष नाही. तिथं एक तरुण डॉक्टरीण होती, तेलुगू पोरगी, तिशीही नसेल. तिनं तक्त्यात नुसत्या खुणा केल्या नाहीत, समोर बसून विचारलं. मला तेव्हाच कळलं की पोरीला विचारता येतंय. आणि त्याचाच मला राग आला.

"अंकल, आंटी को पहले कभी किसी दवा से कुछ हुआ था? दाने, सूजन, साँस की तकलीफ?"

"कुच नै. मैं अडतीस साल दवाखाने में था, अम्मा. घर का सब मेरेकू मालूम."

ती माझ्याकडं बघून हसली आणि हिच्याकडं वळली. "आंटी, आप बताओ."

ही म्हणाली, "अहो, ते एकदा माझ्या अंगावर..."

"तू गप. इथं पित्ताचं काढू नकोस."

"क्या बोल रहीं आंटी?"

"कुच नै. बैंगन खाके पित्ती उठती इसकू. दवा का कुच नै."

पोरीनं बैंगन लिहून घेतलं. तरी परत म्हणाली, "पक्का, अंकल?" मी म्हटलं, "तुम पैदा नै हुए थे तब से ये पूछ रहा मैं लोगां कू."

माझी बायको खाली बघत बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

हाताच्या कातडीत थेंबभर औषध टोचून बघितलं. काही उठलं नाही. लोकांना वाटतं टेस्ट झाली म्हणजे संपलं. तसं नसतं. टेस्ट काही वेळा गप्प राहते, म्हणून माणसानं तोंडानं सांगितलेलं धरावंच लागतं. मग इंजेक्शन दिलं. माझ्या कॅप्सूलचाच चुलतभाऊ, शिरेतून. दोन मिनिटांत ती म्हणाली, "अहो, तळहात खाजतायत." मग ओठ जाड झाले. मग म्हणाली, "गळा..." आणि पुढं बोलता आलं नाही. मी शेजारी उभा होतो. ती पोरगी पळाली, आणखी चार जण पळत आले. जी सुई द्यायची ती लगेच दिली, नळी घातली, छाती दाबली. मी अडतीस वर्षं दवाखान्यात होतो, मला बघून कळतं. जे करायचं ते त्यांनी वेळेत केलं. सत्तरीला आलेलं, साखरेनं पोखरलेलं शरीर होतं. दुपारी बारा वाजता संपलं.

आणि मग मी काय केलं ते लिहितो, कारण हेही छापायला अंकाच्या बाई हो म्हणाल्यात. आमचा मुलगा दिलीप आला, त्याच्याबरोबर माझे दोन पुतणे. तिघांनी त्या पोरीला भिंतीशी घेरलं. एक पुतण्या फोनवर चित्रण करत होता. ज्यांनी कधी काकूला साधा फोन केला नाही, ते तिचं मरण चित्रात घेत होते. ती पोरगी फाईल छातीशी धरून उभी. आणि मी, ज्याला सगळं माहीत असायला हवं होतं, मी बोट तिच्या तोंडापुढं नाचवून ओरडलो, "मेरी बायको कू तूने मारी!" दिलीप म्हणाला, "उद्या सकाळी पोलिसात. हिचं लायसन घालवतो." मी म्हटलं, "घालव."

दिवस मावळायच्या आत स्मशानातून परत आलो. शेजारच्या पद्मम्मांनी भात आणि भाजी पाठवली होती. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, त्यांना ते माहीत. बायकोची धाकटी बहीण शकू नामपल्लीहून आली होती, तीच वाढायला बसली. पातेल्याचं झाकण काढलं आणि तिला एकदम हुंदका आला. गुत्ती वंकाया होती, भरली वांगी.

"आक्काला केवढी आवडायची," शकू म्हणाली.

"आवडून काय उपयोग," मी म्हटलं. "बाधायची तिला."

"कुठं बाधायची दाजी? माझ्याकडं आली की मुद्दाम करायला लावायची. चार-चार खायची. एक गांध नाही उठली कधी."

"मग ते पित्त?"

शकूनं डोळे पुसले, झाकण परत ठेवलं. "ते तुमच्या कॅप्सूलनं उठायचं. तिला कळलं होतं. दुसऱ्यांदा उठलं तेव्हा ती माझ्याचकडं होती. दाढ दुखत होती म्हणून तुम्ही पुडी बांधून दिली होती. ओठ एवढाले झाले, डोळा उघडेना. मी म्हटलं, आक्का, दाजींना सांग. तर म्हणाली, सांगितलं तर म्हणतील शकूकडं जाऊन वांगं खाल्लंस."

"खाल्लं होतं?"

"त्या दिवशी नव्हतं हो दाजी. पण एरवी खायची ना. ते कळलं असतं."

मी ताटावरून उठलो. कुणी काही विचारलं नाही. सगळ्यांना वाटलं, माणूस दुःखात आहे. बाहेरच्या खोलीत दिलीप पुतण्यांबरोबर तक्रारीचा मजकूर ठरवत होता. 'निष्काळजी' हा शब्द दोनदा ऐकू आला. दोन्ही वेळा मला वाटलं, आत जाऊन सांगावं. तोंड उघडलं नाही. दुसऱ्यांची तोंडं उघडायला लावण्यात मी आयुष्य घालवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ केली, सदरा घातला. शकू म्हणाली, "दाजी, सुतकात कुठं निघालात?" मी म्हटलं, "तू फोन जवळ ठेव. लागेल." दिलीप झोपेत होता.

दवाखान्याच्या दारात वॉचमननं मला ओळखलं आणि आडवा आला. "चाचा, झगडा नक्को." मी म्हटलं, "झगडा कल हो गया. मेरेकू डॉक्टरम्मा कू मिलना." बराच वेळ बसवलं. मग ती आली, पण एकटी नाही, बरोबर पांढऱ्या केसांचे मोठे डॉक्टर. ती त्यांच्या मागंच उभी राहिली. ती रात्रभर झोपली नसावी.

मी त्यांना सांगितलं. पहिल्यांदा कॅप्सूल मी दिली, तिसऱ्या दिवशी अंगावर उठलं, मी वांग्यावर ढकललं. दुसऱ्यांदाही मीच पुडी बांधून दिली. काल ती तुमच्यापुढं सांगत होती, मी तिला गप्प केलं.

मोठे डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "अंकल, घर जाके सोच लो. ये लिखना पड़ता फिर."

"लिखानेच आया."

मग ती पोरगी पुढं झाली, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. दुसऱ्या वेळेला किती गोळ्या झाल्यावर उठलं, तिनं विचारलं. मला माहीत नव्हतं. सूज किती दिवसांनी उतरली? माहीत नव्हतं. धाप लागली होती? तेही नाही. मी शकूला फोन लावला, आवाज मोठा केला आणि टेबलावर ठेवला. शकू मराठीत सांगत गेली, मी हिंदीत करून देत गेलो, पोरगी लिहीत गेली. मधे शकू थांबली आणि म्हणाली, "दाजी, मी बोलू ना पुढं?" मी म्हटलं, बोल.

कागद माझ्यापुढं आला. औषधांची नावं सोडली तर मला इंग्रजी वाचता येत नाही. पोरीनं एकेक ओळ हिंदीत करून वाचून दाखवली. मी खाली मराठीत सही केली. ती म्हणाली, "सॉरी, अंकल." मी म्हटलं, "तुम नक्को बोलो."

मग बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि दिलीपला फोन लावला. तो उठला होता, निघायच्या तयारीत होता. म्हटलं, ठाण्यात जाऊ नकोस. आणि गेलासच, तर त्या पोरीच्या जागी माझं नाव लिहून दे.